पंचफुलामावशींचं चुकांचं रजिस्टर

मावशी,

मागच्या महिन्यात तुमच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मला 'दोन शब्द बोला' म्हणून माईकपाशी उभं केलं. मी म्हणजे वर्गात सलग दोन तास पाणी न पिता बडबडणारी बाई. माईक धरला, तुमच्या फोटोकडे पाहिलं, "मावशी फार चांगल्या होत्या" एवढं म्हणाले आणि खाली बसले. तुमची लेक प्रज्ञा पहिल्याच रांगेत होती. तिनं डोळे मिटून मान हलवली, म्हणजे राहू द्या मॅडम, पोचलं. पण काहीच पोचलं नव्हतं. घरी येईपर्यंत मी स्वतःवर चरफडत होते.

माझ्या आधी हदगावकडचे एक नातेवाईक बोलले होते. त्यांनी तुमची ओळख करून दिली: नांदेडला कॉलेजात, कॉम्प्युटरच्या खोलीत झाडलोटीचं काम, कष्टाळू बाई, नवऱ्यामागं एकटीनं लेकीला शिकवलं, नर्स केलं. सगळं खरं, एक अक्षर खोटं नाही. तरी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या बाईनं मला जावा ही कॉम्प्युटरची भाषा शिकवली तिची ओळख झाडलोटीवर संपत होती. ती दुरुस्त करायला उठले मी, आणि 'फार चांगल्या होत्या' म्हणून बसले.

म्हणून हे लिहिते आहे. यात तुमचं कौतुक आहे, थोडं भांडण आहे, आणि एक कबुली आहे. तुम्ही होता तोवर ती माझ्या तोंडातून निघाली नाही.

मी रेणापूरहून नांदेडला आले ती तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढ्यापुरतीच मास्तरीण. पण एमएससी पहिल्या वर्गात, त्यामुळे नाक वर. पहिल्याच दिवशी लॅबच्या दारात तुम्ही मला अडवलंत. "चपला भायेर." मी म्हणाले, "अहो, मी मॅडम आहे." तुम्ही माझ्या पायांकडे पाहून म्हणालात, "धूळ मॅडमच्या चपलेलाबी असती." मागच्या रांगेतली पोरं फिसकन हसली. मी चपला काढल्या आणि मनात तुमच्या नावापुढं एक फुली मारली.

तो तास इनमचा होता. तुम्हाला सांगायला नको, पण हे आणखी चार लोक वाचतील त्यांच्यासाठी सांगते. इनम म्हणजे नावांची ठरलेली, बंद यादी. आठवड्याचे वार घ्या, किंवा मी पोरांना द्यायचे तशी पिकं घ्या: सोयाबीन, कापूस, तूर, हरभरा. यादी एकदा बंद झाली की बाहेरून पाचवं पीक घुसवता येत नाही. आणि कंपायलर म्हणजे आपण लिहिलेला प्रोग्रॅम चालण्याआधी तपासणारा. त्याला काही खटकलं की तो एरर दाखवतो आणि पुढं जाऊ देत नाही. इनमच्या बाबतीत हा गडी जरा जास्तच चिकित्सक आहे. साध्या क्लासमध्ये, म्हणजे ज्या साच्यातून हव्या तेवढ्या वस्तू काढता येतात त्यात, जे खपतं ते इनममध्ये खपत नाही, आणि का खपत नाही हे धड सांगतही नाही.

पहिल्या रांगेतल्या एका मुलीनं पिकांचा इनम लिहिला आणि स्क्रीन एररनं भरून गेली. सगळ्यात खाली लिहिलेलं, 'क्लास, इंटरफेस ऑर इनम एक्सपेक्टेड.' म्हणजे इथं क्लास, इंटरफेस नाहीतर इनम पाहिजे. ती रडकुंडीला आली. "मॅडम, इनमच तर लिहिलाय की!" मी स्पेलिंग बघितलं, कंस मोजले, आणि काहीच सुचेना तेव्हा शिक्षक जे म्हणतात तेच म्हणाले: पुन्हा पहिल्यापासून टाइप कर.

तुम्ही मागं फडकं घेऊन उभ्या होता. "मॅडम, खालचा नका वाचू. वर सरकवा. पयला एरर तेवढा खरा, बाकीचे समदे त्याच्या वरातीतले."

मी म्हणाले, "मावशी, तुम्ही तुमचं काम करा."

तुम्ही 'हाव' म्हणालात आणि शेजारचा मॉनिटर पुसायला लागलात. मी मग जणू आपल्याच मनानं आल्यासारखं वर सरकवलं. पहिला एरर हरभऱ्यापाशी होता. पिकांची नावं संपवून पुढं दुसरं काही लिहायचं असेल तर नावांच्या शेवटी अर्धविराम देऊन यादी बंद करावी लागते. मुलीनं तो दिला नव्हता. दिला, आणि सगळी वरात घरी गेली. तुम्हाला मी काही म्हणाले नाही. दुसऱ्या दिवशी चपला मात्र न सांगता बाहेर काढल्या.

तुमचं ते रजिस्टर मला कितीतरी महिन्यांनी दिसलं. पुढून ते 'मशीन दुरुस्ती रजिस्टर' होतं. कुठल्या मशीनचा माऊस चालत नाही, कुठल्या कीबोर्डचं बटण उपसलंय, असलं. पण उलटं करून मागून उघडलं की तुमचं राज्य सुरू व्हायचं. एका बाजूला कंपायलरचा एरर, देवनागरीत, जसा कानाला ऐकू येईल तसा. दुसऱ्या बाजूला उपाय. 'मॉडिफायर पब्लिक नॉट अलाउड हियर. इनमच्या कन्स्ट्रक्टरपुढचं पब्लिक काढा, पोरं सवयीनं लावतात.' 'इनम टाइप्स मे नॉट बी इन्स्टॅन्शिएटेड. न्यू काढा. यादी बंद हाय, नवीन जन्मत न्हाई.' कुठल्याही पुस्तकात इतकं थोडक्यात आणि इतकं बरोबर मी वाचलेलं नाही.

मी विचारलं, हे कुठं शिकलात? तुम्ही बारावी झालेल्या, नवऱ्याच्या जागी अनुकंपावर लागलेल्या. तुम्ही म्हणालात, "शिकले कुठं? पोरांच्या मागं उभी राहिले. पोरगं काय बदलतंय आन् मशीन कवा गप बसतंय, तेवढं लिहून ठेवलं." जणू काही विशेषच नाही! शास्त्रज्ञ म्हणवणारे लोक दुसरं काय करतात, मावशी? बघतात, लिहितात, पुन्हा बघतात. तुमच्याकडं वेगळी प्रयोगशाळा नव्हती. जी झाडायला दिली होती तिचीच तुम्ही खरी प्रयोगशाळा करून टाकलीत.

आणि कीबोर्डाला कधी बोट लावलं नाहीत. "मी अटेंडंट. हात लावायची ऑर्डर न्हाई." दोन्ही हात पाठीमागं बांधून पोराच्या खुर्चीमागं उभं राहायचं आणि म्हणायचं, "मोठ्यानं वाच. आता काय म्हणून राहिला ते मराठीत सांग." हदगाव, देगलूर, किनवटकडून आलेली आमची पोरं. इंग्रजीची लाल ओळ दिसली की त्यांची बोबडी वळायची. ती वाचायचीच नाहीत, सरळ खोडायची. तुम्ही त्यांना वाचायला लावलंत. निम्म्या जणांची चूक मोठ्यानं वाचतानाच सापडायची. उरलेल्यांना तुम्ही एवढंच विचारायचात, "मग तू काय लिवलंस?" हात तुमचे बांधलेले, त्यामुळे दुरुस्ती त्यांनाच करावी लागायची, आणि केलेली दुरुस्ती डोक्यात राहायची. आज मला लोक चांगली शिकवते म्हणतात. मी काय करते? हात पाठीमागं बांधते आणि म्हणते, मोठ्यानं वाच.

भांडण आपलं एकच होतं, आणि ते वर्षानुवर्षं चाललं. स्विच म्हणून एक प्रकार असतो. पीक सोयाबीन असेल तर हे कर, कापूस असेल तर ते कर. तिथं एकदा वर 'हे पिकाबद्दल आहे' असं सांगितलं की खाली नुसतं 'सोयाबीन' लिहायचं. 'पीक डॉट सोयाबीन' असं पूर्ण लिहिलं की कंपायलर अडून बसायचा. बाकी सगळीकडं पूर्ण नावच लिहावं लागतं, त्यामुळे प्रत्येक बॅच तिथं ठेचकाळायची. मी म्हणायचे, हा नियम मूर्खपणाचा आहे, पूर्ण नाव घेतलं तर काय आभाळ कोसळतं? तुम्ही दर वेळी कंपायलरची बाजू घ्यायचात, जसा काही तो तुमचा माहेरचा माणूस.

"घरात कोणी आडनावानं हाक मारतंय का? घरात आल्यावर नुसतं पंचफुला."

"आणि मारली तर काय घराबाहेर काढायचं?"

"आमच्या सासूनं काढलं असतं," तुम्ही म्हणालात, आणि पोरं टेबलावर डोकं ठेवून हसली.

मग दाराकडच्या रांगेत नवीन मशीनं आली आणि त्यांच्यावर नवीन जावा आली. मी मुद्दाम तुम्हाला बोलावलं आणि तुमच्यासमोर 'पीक डॉट सोयाबीन' टाइप केलं. चाललं! निमूटपणे चाललं. मी निवडणूक जिंकल्यासारखी खुर्चीतून उठले. तुम्ही वाकून स्क्रीन वाचलात आणि म्हणालात, "मंग माझं पान खोटं झालं का?" माझं हसू तिथंच विझलं. मी म्हणाले, नाही हो मावशी, नियम बदलला. तुम्ही रजिस्टर आणलंत, पान काढलंत आणि खाली लिहिलंत: 'नवीन मशीनवर चालतं. खिडकीकडच्या जुन्या रांगेत अजून एरर येतो.' मग टोपण लावता लावता मला सुनावलंत, "पण बरं दिसत न्हाई." ते भांडण तिथंच राहिलं. मी अजूनही म्हणते, मीच बरोबर होते.

आता जे सांगायचं ते सांगते.

नवीन मशीनं येण्याच्या कितीतरी आधीची गोष्ट, शेवटच्या वर्षाची प्रात्यक्षिक परीक्षा. बाहेरचे परीक्षक लातूरचे. शिस्तीचे, कमी बोलणारे, इस्त्रीच्या शर्टातले. निम्म्या बॅचला एकच स्लिप आली: पिकांचा इनम करा, त्याच्या कन्स्ट्रक्टरमध्ये स्टॅटिक काउंटर, म्हणजे सगळ्यांना मिळून असलेला एकच आकडा, एकनं वाढवा आणि एकूण पिकं किती ते छापा. वाचायला किती सोपं. क्लास शिकवताना आम्ही पहिल्या आठवड्यात हेच करून घेतो. वस्तू जन्माला आली की कन्स्ट्रक्टर चालतो, एक मिळवा. पोरांनी तसंच लिहिलं आणि एकेकाच्या स्क्रीनवर एकच एरर यायला लागला, 'इल्लीगल रेफरन्स टू स्टॅटिक फील्ड फ्रॉम इनिशियलायझर.'

परीक्षक म्हणाले, "प्रश्न बरोबर आहे. क्लासमध्ये हाच कोड चालतो. मुलांना नीट लिहिता येत नाही." आउटपुट नाही तर गुण नाहीत, असा त्यांचा हिशेब. निम्मी बॅच नापास होणार होती आणि ते त्यांचं शेवटचं वर्ष होतं. मी या मशीनवरून त्या मशीनवर पळत होते. सगळ्यांचा कोड मला बरोबर दिसत होता, आणि सगळीकडं तोच एरर. त्या दिवशी पहिल्या वर्गाची एमएससी कुठं तोंड लपवून बसली होती कोण जाणे.

तुम्ही चहा घेऊन आलात. परीक्षकांपुढं कप ठेवलात, माझ्यापुढं ठेवताना हळू आवाजात म्हणालात, "मॅडम, यूपीएस लागायच्या आधीच पोरं आत आलीत."

मी वेड्यासारखी यूपीएसकडं बघितलं. तो तर चालू होता. आणि मग माझ्या डोक्यात उजेड पडला.

रोज सकाळी तुमचा क्रम ठरलेला. आधी यूपीएस, मग मशीनं, मग पोरं. पोरं आधी घुसली आणि बटणं दाबत बसली तर काहीच होणार नाही, कारण मागं वीजच नाही. साध्या क्लासमध्ये काउंटर आधी तयार होतो आणि वस्तू मागून जन्मतात, म्हणून मोजता येतं. इनममध्ये उलटं आहे. यादीतली नावं सगळ्यात वर, तीच सगळ्यात आधी जन्माला येतात, आणि काउंटरची तयारी त्यांच्या मागून होते. सोयाबीन जन्मताना काउंटरला हात घालणार, पण काउंटरच अजून तयार नाही. म्हणून कंपायलर आधीच रस्ता अडवतो. पोरं बरोबर होती, कंपायलर बरोबर होता. स्लिप चुकली होती.

मी माऊसची तक्रार लिहायची म्हणून तुमचं रजिस्टर मागवलं. उलटं करून उघडलं. पान होतंच: 'इनममध्ये नावं आधी, स्टॅटिक मागून. कन्स्ट्रक्टरात मोजू नका. खाली स्टॅटिक ब्लॉकात मोजा.' शाई फिकी झालेली. म्हणजे आमची पदवीधर मंडळी जिथं अडली होती ते तुम्ही कितीतरी बॅचेस आधी सोडवून ठेवलं होतं.

मी परीक्षकांना एका मशीनपाशी नेलं, मोजणी कन्स्ट्रक्टरमधून काढून खाली घेतली आणि चालवून दाखवली. चार पिकं. त्यांनी स्वतः तीनदा उलटसुलट करून पाहिलं. माणूस खरा होता. "स्लिप माझी चुकली," म्हणाले, आणि सगळ्यांना दुरुस्त प्रश्न देऊन अर्धा तास वाढवून दिला. पोरं सुटली. मग त्यांनी मला कौतुकानं विचारलं, "मॅडम, हे कुठं वाचलंत? पुस्तकांत तर असं सांगत नाहीत."

रजिस्टर माझ्या हातात होतं. तुम्ही दोन पावलांवर रिकामे कप ट्रेमध्ये ठेवत होता.

मी म्हणाले, "अनुभव, सर."

शब्द खरा होता, मावशी. पण अनुभव तुमचा होता आणि मान मी डोलावली. तुम्ही ट्रे उचलून निघून गेलात. दुसऱ्या दिवशी मी तुमची नजर चुकवत लॅबमध्ये शिरले तर तुम्हीच विचारलंत, "पोरं निघाली का समदी?" मी हो म्हणाले. "मंग झालं," म्हणालात आणि पंखे लावायला गेलात. तेवढ्यावर तुम्ही तो विषय संपवला. माझा तो आजपर्यंत संपला नाही.

पुढं ते वाढतच गेलं. परीक्षकांनी माझी तारीफ प्राचार्यांपर्यंत पोचवली. प्राचार्य म्हणाले, प्रात्यक्षिकांची मार्गदर्शिका लिहा. मी तुमच्याकडं रजिस्टर मागितलं. "घ्या की. घरी न्या. फक्त कव्हर घालून ठेवा, पानं सुटून राहिलीत." त्यातून 'चुका आणि उपाय' हे प्रकरण झालं. ओळीच्या ओळी तुमच्या, मी फक्त देवनागरीतलं इंग्रजी इंग्रजीत केलं. मुखपृष्ठावर एकटं माझं नाव. कायमच्या जागेची मुलाखत झाली तेव्हा ते पुस्तक टेबलावर होतं आणि प्रश्न सगळे त्याच प्रकरणावर आले. मी लागले. पहिली प्रत तुम्हाला दिली. तुम्ही पानं चाळत यूपीएसच्या उदाहरणापाशी थांबलात आणि त्यावर बोट ठेवून म्हणालात, "हे माझं हाय!" पेपरात स्वतःचा फोटो आल्यासारखं तोंड फुललं होतं. त्या आवाजात तक्रारीचा एक धागा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं.

मी एकदा विचारलं होतं, हे मात्र खरं. पुढच्या छपाईला तुमचं नाव टाकू का? "नको गं बाई. अटेंडंटनं लिवलेलं म्हणून पोरं हसतील. वाचायचीच न्हाईत." मी म्हणाले, मग मुक्त विद्यापीठातून पदवी करा. "आता कामून? मला येतंय ते येतंय." मी म्हणाले, बरं. फार लवकर म्हणाले, मावशी. तुम्ही आढेवेढे घेतलेत ते माझ्या पथ्यावर पडलं. दुसऱ्यांदा विचारलं असतं तर कदाचित तुम्ही हो म्हणाला असता, आणि तीच मला भीती होती. ही माझी कबुली.

तुम्ही लातूरला प्रज्ञाकडं होता तेव्हा रेणापूरला जाता जाता मी उतरले. पलंगावर इवल्याशा झाला होता. प्रज्ञा तुम्हाला म्हणाली, बोलू नकोस फार. तुम्ही माझा हात धरून विचारलंत ते काय? "ते फायनलचं काय झालं वो?" एका मुलीनं इनमच्या कन्स्ट्रक्टरात स्टॅटिक आकडा नुसता वाचला होता. तोच एरर आला. तिनं त्या आकड्यापुढं फायनल लावलं आणि एरर गेला. का गेला? रजिस्टरमध्ये उत्तर नसलेलं तेवढं एकच पान होतं, तुम्ही तिथं मोठं प्रश्नचिन्ह काढून ठेवलं होतं. मी तेव्हा 'बघून सांगते' म्हणाले होते. बघितलंही होतं, सांगायचं राहिलं. आणि लातूरलाही शहाण्यासारखी म्हणाले, "तुम्ही बऱ्या व्हा, लॅबमध्ये दाखवते." दोन मिनिटांची गोष्ट होती.

तर ऐका. फायनल लावून आकडा तिथल्या तिथं लिहिला की तो कधीच बदलणार नसतो. मग कंपायलर वाट कशाला बघेल? जिथं जिथं त्याचं नाव येतं तिथं तो आधीच तो आकडा लिहून टाकतो. तो भिंतीवर खडूनं लिहिलेला आहे, मावशी. तो वाचायला यूपीएस लागत नाही. हे मी तुमच्या प्रश्नचिन्हाखाली माझ्या अक्षरात लिहून ठेवलंय.

कार्यक्रमानंतर दोन दिवसांनी प्रज्ञा तुमचं कपाट रिकामं करायला कॉलेजात आली. डबा, शाल, चष्म्याचं घर तिनं पिशवीत ठेवलं. रजिस्टर माझ्या हातात दिलं. मी तिला तिथंच सगळं सांगितलं. 'अनुभव, सर' सकट. तिनं नर्सच्या थंडपणानं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आईनं मला तेव्हाच सांगितलेलं. मी लई चिडले होते तुमच्यावर. आई म्हणली, सांगतील त्या. त्यान्ला वेळ लागतो." इतकी वर्षं तुम्ही माझी वाट बघत होता आणि मला पत्ता नव्हता.

या महिन्यात अभ्यासक्रम बदलला म्हणून मार्गदर्शिका नव्यानं छापायला चाललीय. मी मुखपृष्ठाचा मजकूर घेऊन प्राचार्यांकडं गेले. वर तुमचं नाव, खाली माझं. रजिस्टर त्यांच्यापुढं ठेवलं. त्यांनी मागून सगळं चाळलं, दोन ठिकाणी हसले, आणि नावाला लगेच हो म्हणाले. अडले ते पदापाशी. "मॅडम, पुस्तक बाहेरच्या कॉलेजांत जातं. 'लॅब अटेंडंट' बरं दिसत नाही. 'प्रयोगशाळा सहायक' लिहू. बाईंचा मानही राहील."

मला ते बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. तिथूनच प्रज्ञाला फोन लावला. ती लातूरला ड्युटीवर होती, मागं कुणीतरी सिस्टरला हाका मारत होतं. तिनं ऐकलं आणि म्हणाली, "मॅडम, सहायकाच्या जागेसाठी आईनं दोनदा अर्ज केला होता. दोन्ही वेळा शिक्षण कमी म्हणून परत आला. जितेपणी दिलं न्हाई ते आता कशाला? ती जे होती ते लिहा. तेवढं होऊन तिनं हे केलं, हे दिसू द्या लोकांना."

दोनदा अर्ज केल्याचं तुम्ही मला कधी सांगितलं नाहीत. मी तेव्हा कायम झाले होते, शब्द टाकू शकले असते. प्रज्ञाचं बोलणं मी प्राचार्यांना जसंच्या तसं सांगितलं आणि वर म्हणाले, पद बदलायचं असेल तर माझं नाव काढा. त्यांनी रजिस्टर मिटलं. मग पेन काढून सही केली.

आज दुपारी लॅब भरलेली असताना प्रेसवाल्याचा फोन आला. "मॅडम, कव्हरवर जरा गडबड झालीय. अटेंडंटचं नाव वर आलंय, तुमचं खाली गेलंय. बदलून घेऊ का?"

वीस-बावीस पोरं होती. मी खुर्चीवरून उठले आणि मागच्या रांगेपर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काहीही गडबड नाही, दादा. पुस्तक त्यांचंच आहे. तसंच छापा."